लेयर जपून सेव्ह आणि प्रिंट कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि दिवाळी जवळ आली की कॅलेंडरं. संध्याकाळी डिझाइन शिकायला मुलंही येतात. गिऱ्हाईक, मुलं आणि परगावचे बॅनरवाले, तिघांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. जास्त प्रश्न फोटोशॉपचे येतात, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याचीच आहेत. वाचताना एवढं डोक्यात ठेवा: कामाची फाईल वेगळी आणि छपाईला जाणारी फाईल वेगळी. जी काही रडारड आमच्या कानावर येते, ती बहुतेक या दोन फायली एकच समजल्यामुळे झालेली असते.

१. लेयर म्हणजे नेमकं काय? आणि जेपीजी केली की ते जातात कुठे?

जुन्या प्रेसमध्ये आर्टवर्कवर बटर पेपर लावायचे, तसं समजा. खाली पार्श्वभूमी, त्यावर गणपती, त्यावर वधू-वरांची नावं, सगळ्यात वर मुहूर्ताची ओळ. प्रत्येक कागद वेगळा, म्हणून मुहूर्त बदलला तर गणपतीला हात लावावा लागत नाही.

जेपीजीत फक्त शेवटी दिसणारं चित्र साठतं. एका ठिपक्याला एकच रंग. नावाच्या अक्षराखाली पार्श्वभूमी कशी होती, ही माहिती त्या फाईलमध्ये नसतेच. पारदर्शक भागही नसतो. वर जेपीजी उघडून थोडा बदल करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील गळतो.

जाता जाता: फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यातही लेयर नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी काम करणाऱ्यांना एकदा चिकटवलेलं नाव परत उचलता येत नव्हतं. आज जेपीजीवर थेट काम करणारे स्वखुशीने त्याच काळात राहतात.

२. मग काम चालू असताना फाईल कशात सेव्ह करायची?

ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता, त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये. फोटोशॉप असेल तर पीएसडी, कोरलड्रॉ असेल तर सीडीआर, गिंप असेल तर एक्ससीएफ, क्रिता असेल तर केआरए. मोबाईलवर पिक्सेललॅबमध्ये बॅनर करणाऱ्यांसाठी पीएलपी. कॅनव्हात काम करत असाल तर मूळ डिझाइन तुमच्या खात्यातच राहतं, डाउनलोड होते ती नुसती प्रत. दुसऱ्याला बदल करू द्यायचे असतील तर त्याला डाउनलोड केलेली फाईल देऊ नका, एडिट करता येईल अशी लिंक द्या.

दुसरे फॉरमॅटही लेयर ठेवतात, पण प्रत्येकाच्या अटी आहेत. टीआयएफएफसाठी प्रश्न ९ आणि पीडीएफसाठी प्रश्न १० पाहा.

३. फोटोशॉपच्या 'सेव्ह ॲज'मध्ये मला जेपीजी दिसतच नाही. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

नाही, सुधारलंय. २०२१ च्या मे महिन्यात आलेल्या २२.४ या आवृत्तीपासून लेयर असलेल्या फाईलला 'सेव्ह ॲज'मध्ये फक्त लेयर सांभाळणारे फॉरमॅट दिसतात. जेपीजी, पीएनजीसाठी 'सेव्ह अ कॉपी' वापरायचं. नावाप्रमाणे ती प्रत असते. समोर उघडी राहते ती तुमची लेयरवालीच फाईल.

जुनी सवय सुटत नसेल तर प्रेफरन्सेसच्या फाईल हँडलिंगमध्ये जुनं 'सेव्ह ॲज' परत आणायची खूण आहे. आमच्याकडच्या मुलांना मी ती लावू देत नाही.

४. गिंपमध्ये 'सेव्ह' केलं की जेपीजी होतच नाही, असं का?

२०१२ साली आलेल्या २.८ आवृत्तीपासून गिंपने हे दोन रस्ते वेगळे केले. 'सेव्ह' म्हणजे एक्ससीएफ, लेयरसकट. बाकी सगळं 'एक्स्पोर्ट'मधून. तेव्हा लोकांनी खूप कुरकुर केली होती. नंतर फोटोशॉपही बरंचसं त्याच वाटेने गेलं.

५. चुकून 'फ्लॅटन इमेज' (सगळे लेयर एकत्र करून सपाट, म्हणजे फ्लॅट) करून तसंच सेव्ह झालं. लेयर परत मिळतील का?

फाईल अजून बंद केली नसेल तर मिळतील. हात आवरा, दुसरं काही करू नका आणि हिस्टरी पॅनेलमध्ये मागे जा. सेव्ह केल्यानेही हिस्टरी पुसली जात नाही, ती जाते फाईल बंद केल्यावर. फोटोशॉप मुळात मागच्या ५० पायऱ्या ठेवतं. त्यामुळे फ्लॅटन केल्यावर ब्रशचे साठ फटकारे मारले असतील तर ती पायरीही यादीतून गेलेली असेल.

फाईल बंद झाली असेल तर त्या फाईलमधून लेयर परत येत नाहीत. मग पेनड्राइव्हवरची जुनी प्रत, गिऱ्हाइकाला प्रूफसाठी पाठवलेली पीडीएफ (प्रश्न १०), गूगल ड्राइव्हवरच्या जुन्या आवृत्त्या, विंडोजमधल्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स' अशी शोधाशोध करायची. फोटोशॉपचं ऑटोसेव्ह इथे उपयोगी पडत नाही. ते सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं तर कामी येतं, आपण शहाणपणाने चुकीचं सेव्ह केलं तर नाही.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या. फ्लॅट प्रत हवी असेल तेव्हा इमेज मेनूतून 'ड्युप्लिकेट' करा आणि तिथली 'ड्युप्लिकेट मर्ज्ड लेयर्स ओन्ली' ही खूण लावा. नव्या खिडकीत फ्लॅट फाईल तयार मिळते, मूळ फाईलला धक्का लागत नाही.

६. माझ्याकडे फक्त जेपीजी आहे. त्यावरून ओपन फाईल (लेयरवाली, बदल करता येणारी) बनवून द्याल का?

बनवून देता येते, 'काढून' देता येत नाही. या दोन शब्दांत पैशांचा फरक आहे. जेपीजीत लेयर दडलेले नसतात, त्यामुळे आम्हाला नवी फाईल मांडावी लागते. अक्षरं पुन्हा टाइप करायची, फोटो कापून वेगळा काढायचा, त्यामागची पार्श्वभूमी भरून काढायची. हल्ली चित्रातली माणसं-वस्तू वेगळी काढून देणारी साधनं आहेत, पण मागचा भाग ती अंदाजाने रंगवतात. मूळ तिथे काय होतं ते त्यांनाही ठाऊक नसतं.

जेपीजीचं नाव बदलून शेवटी पीएसडी लिहिणारेही भेटतात. बरणीवर साखर लिहिलं म्हणून मीठ गोड होत नाही.

७. प्रेसला लेयरवाली फाईल द्यायची की फ्लॅट?

फ्लॅट, किंवा छपाईची पीडीएफ. मशिनला लेयर कळत नाहीत. छपाईच्या आधी कुठेतरी ते सपाट होणारच असतात. ते तुमच्या डोळ्यांसमोर व्हावेत की प्रेसच्या कॉम्प्युटरवर, रात्री अकरा वाजता, घाईतल्या ऑपरेटरच्या हातून, एवढाच प्रश्न आहे. लेयरवाली फाईल दिली की तिथे फॉन्ट नसू शकतो, एखादा लेयर चुकून बंद होऊ शकतो, कुणीतरी सद्भावनेने फोटो 'थोडा नीट' करू शकतो.

पत्रिका, माहितीपत्रकं अशा अक्षरांच्या कामाला पीडीएफ, फ्लेक्सला बहुधा फ्लॅट टीआयएफएफ किंवा उत्तम दर्जाची जेपीजी चालते. प्रेसने स्वतःहून ओपन फाईल मागितली असेल तर ती द्या, पण सोबत फ्लॅट जेपीजीही द्या. 'छापून असं दिसायला हवं' याचा तो पुरावा.

८. डोळ्याची खूण बंद करून लपवलेला लेयर छापून येतो का?

फोटोशॉपमधून थेट प्रिंट दिली तर नाही. पडद्यावर दिसतं तेवढंच छापतं. पीडीएफची गोष्ट वेगळी. २००३ च्या पीडीएफ १.५ पासून त्या फॉरमॅटमध्ये स्वतःचे लेयर ठेवता येतात आणि प्रत्येकाला 'दिसेल पण छापणार नाही' किंवा उलट अशी सूचना देता येते. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमधून आलेल्या अशा पीडीएफमध्ये पडद्यावर एक आणि कागदावर दुसरं होऊ शकतं. त्यासाठी ॲक्रोबॅटमध्ये लेयरचं पॅनेल उघडून पाहून घ्यावं.

लपवलेला लेयर छापत नाही म्हणजे तो फाईलमधून गेला असं नव्हे. ते वेगळंच प्रकरण, प्रश्न १९ मध्ये.

९. टीआयएफएफमध्ये लेयर राहतात म्हणे. मग पीएसडी कशाला?

राहतात, पण ती सोय फोटोशॉपने स्वतःपुरती केलेली आहे. फोटोशॉप लेयरची माहिती टीआयएफएफच्या आत आपल्या खासगी कप्प्यात ठेवतं. बाकीची बहुतेक सॉफ्टवेअरं तो कप्पा उघडतच नाहीत, त्यांना फक्त सपाट चित्र दिसतं. म्हणजे लेयरवाली टीआयएफएफ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह केली की लेयर गेले, तेही न सांगता.

सेव्ह करताना लेयरसाठी तीन पर्याय येतात: आरएलई, झिप (या दोन्ही फाईल दाबण्याच्या पद्धती) आणि लेयर टाकून प्रत सेव्ह करणं. आरएलईने लवकर सेव्ह होतं पण फाईल मोठी होते, झिपचं उलट. प्रेसला द्यायची असेल तर तिसरा निवडा. मी स्वतः एक शिस्त पाळतो: पीएसडी म्हणजे कामाची, टीआयएफएफ म्हणजे नेहमी फ्लॅट. फाईलचं नाव वाचूनच कळतं कुठली कोणती ते.

१०. पीडीएफ केली की लेयर राहतात की जातात? एकदा राहिले, एकदा गेले.

दोन्ही खरं आहे. सगळं एका खुणेवर अवलंबून असतं. फोटोशॉपमधून पीडीएफ करताना 'प्रिझर्व्ह फोटोशॉप एडिटिंग कॅपेबिलिटीज' अशी चौकट येते. तिथे खूण असेल तर पीडीएफच्या पोटात अख्खी लेयरवाली फाईल जाते आणि ती फोटोशॉपमध्ये उघडली की सगळं जसंच्या तसं मिळतं. 'हाय क्वालिटी प्रिंट' या तयार पर्यायात ती खूण आधीपासूनच असते, म्हणून एका पत्रिकेची पीडीएफ इतकी मोठी होते. ती खूण काढा, फाईल पटकन हलकी होईल. कागदावर फरक पडत नाही.

खूण काढली तरी अक्षरं लगेच चित्र होत नाहीत. टाइप केलेले लेयर पीडीएफमध्ये रेषांच्या स्वरूपातच जातात आणि छापताना धारदार येतात. फक्त ती पीडीएफ परत फोटोशॉपमध्ये उघडली तर सगळं एकच चित्र होऊन येतं.

पीडीएफ-एक्सचे (खास छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफचे) प्रकार हा अजून एक फाटा. प्रेस 'एक्स-वन-ए' मागते तेव्हा पारदर्शकता आधीच सपाट केलेली असावी लागते. 'एक्स-फोर'मध्ये पारदर्शकता आणि लेयर दोन्ही जिवंत चालतात. कुठला द्यायचा ते प्रेसला विचारा. तिथलं यंत्र जुनं असेल तर एक्स-फोरचा आग्रह धरू नका.

११. पडद्यावर अक्षरं सुंदर दिसतात, छापल्यावर बारीक अक्षरं दातेरी का येतात?

बहुधा छपाईआधी फाईल फ्लॅट झाली म्हणून. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ सात-आठ पॉइंटात असेल, फाईल दीडशे डीपीआयची (इंचाला दीडशे ठिपके) असेल आणि ती सपाट करून जेपीजी दिली, तर वेलांट्या आणि रफार तुटणारच. तीनशे डीपीआयला ५ बाय ७ इंचांची पत्रिका म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल. त्यात बारीक देवनागरी जेमतेम बसते.

उपाय असा की लेयर फ्लॅट न करता थेट पीडीएफ करा (प्रश्न १०). त्याहून बरं म्हणजे फोटो-पार्श्वभूमी फोटोशॉपमध्ये आणि मॅटर (मजकूर) कोरलड्रॉ किंवा इनडिझाइनमध्ये. घरच्या इंकजेटवर फोटोशॉपमधून थेट प्रिंट काढताना हा फायदा मिळत नाही, तिथे अक्षरंही फाईलच्या डीपीआयनेच छापतात.

दुसरी शंका काळ्या रंगाची. आरजीबीतला (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) गेला की चारही शाईंचा होतो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला लाल-निळी कड दिसते. मॅटरचा काळा फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के, बाकी तीन शून्य असा ठेवा.

१२. पीएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. फाईल खराब झाली का?

फाईल धडधाकट आहे, तिथे फॉन्ट नाही. हा खास आपल्याकडचा आजार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. योगेश, सुरेख असे फॉन्ट वापरून वर्षानुवर्षं पत्रिका झाल्या. फॉन्ट असला की 'शुभविवाह' दिसतं. नसला की त्याच जागांवरची इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस उघडे पडतात.

अशी फाईल उघडल्यावर मजकुराच्या लेयरवर पिवळा त्रिकोण दिसतो. त्या मजकुरात क्लिक करू नका. जोवर हात लावत नाही तोवर फोटोशॉप जुनं साठवलेलं चित्र दाखवत राहतं, ते तसंच छापूनही घेता येतं. क्लिक केलं आणि फॉन्ट बदलायला होकार दिला की खिचडी. तसं झालं तर सेव्ह न करता बंद करा.

कायमचा उपाय युनिकोड फॉन्ट. तिथे फॉन्ट नसला तरी मजकूर मराठीच राहतो, फक्त वळण बदलतं. पण युनिकोड मराठीची जोडाक्षरं फोटोशॉपमध्ये फुटत असतील तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा, किंवा परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कम्पोझर लावा.

१३. प्रेसवाले म्हणतात 'कर्व्ह करून पाठवा'. केलं, आता नाव बदलता येत नाही!

अगदी बरोबर आहे. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, आकृती होते. म्हणून तर ते फॉन्टशिवाय उघडतं. कर्व्ह करण्याआधी दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं होतं, हे आता सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. आमच्याकडे नावातच लिहितो: एकीवर 'ओपन', दुसरीवर 'कर्व्ह'.

१४. फोटोशॉपमध्ये लेयर असताना आरजीबीतून सीएमवायके केलं आणि सावल्या, चमक सगळं बदललं. असं का?

कारण लेयर एकमेकांत मिसळण्याचं गणित रंगांच्या आकड्यांवर चालतं आणि आकडेच बदलले. 'मल्टिप्लाय'ची सावली, 'स्क्रीन'चा उजेड आरजीबीत एक उत्तर देतात, सीएमवायकेत दुसरं. काही ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या लेयरचा रंग-उजेड बदलणारे) तर सीएमवायकेत चालतच नाहीत. फोटोशॉप तसं विचारतं की हे लेयर टाकून देऊ का, पण आपण न वाचता ओके दाबतो.

म्हणून क्रम असा ठेवा: मूळ फाईल आरजीबीतच राहू द्या, तिची मर्ज केलेली प्रत काढा (प्रश्न ५) आणि ती प्रत सीएमवायके करा. आधी सपाट, मग रूपांतर. याची किंमत एवढीच की प्रश्न ११ मधली धारदार अक्षरं जातात. फोटो आणि मॅटर वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा म्हणतो ते यासाठीही.

झगमगता निळा आणि पोपटी मात्र कुठल्याही क्रमाने केलं तरी मंद होतात. तो लेयरचा दोष नाही, शाईची मर्यादा आहे.

१५. चाळीस फुटी फ्लेक्सची पीएसडी सेव्हच होत नाही. रॅम वाढवू का?

रॅमचा संबंध नाही. पीएसडीला कुठल्याही बाजूने ३०,००० पिक्सेलची आणि एकूण २ जीबीची मर्यादा आहे. ४० फूट म्हणजे ४८० इंच, ७२ डीपीआयने ३४,५६० पिक्सेल. गेली हद्दीबाहेर. पीएसबी या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. त्याची मर्यादा ३,००,००० पिक्सेल आहे आणि लेयर सगळे राहतात.

पण मला विचाराल तर एवढी फाईल करूच नका. निम्म्या मापात, म्हणजे २० फुटांवर मांडा आणि छापणाऱ्याला दोनशे टक्के करायला सांगा. चौकातला फ्लेक्स कुणी नाक लावून पाहत नाही. फाईलच्या नावात खरं माप लिहा, नाहीतर 'भावी नगरसेवक' निम्म्याच आकाराचे छापून येतील. आमच्याकडे एकदा आले होते.

आणि शुभेच्छुकांची नावं वेगळ्या लेयरच्या गटात ठेवा. ती यादी छपाईला जाईपर्यंत बदलत असते.

१६. फोटोशॉप म्हणतं की लिंक केलेली फाईल सापडत नाही. लेयर तर दिसतोय!

तो लिंक केलेला स्मार्ट ऑब्जेक्ट आहे, म्हणजे बाहेरच्या फाईलशी जोडलेला लेयर. दिसतं ते त्याचं शेवटचं रूप, मूळ फोटो मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा आता काढून घेतलेल्या पेनड्राइव्हवर. फाईल दुसरीकडे न्यायची असेल तर आधी फाईल मेनूतलं 'पॅकेज' चालवा, त्यात सगळे लिंक केलेले फोटो एका फोल्डरमध्ये जमा होतात. एम्बेड केलेल्या (फाईलच्या आतच ठेवलेल्या) स्मार्ट ऑब्जेक्टला ही अडचण नाही, फक्त फाईल जड होते. लहान कामांना मी एम्बेडच करतो.

१७. कोरलची फाईल दुसऱ्याकडे उघडत नाही.

त्याच्याकडे जुनी आवृत्ती असेल. नवं कोरलड्रॉ जुनी फाईल उघडतं, जुनं नवी उघडत नाही. 'सेव्ह ॲज'च्या खिडकीत आवृत्तीचा पर्याय असतो, तिथे खालची निवडा. नंतरच्या आवृत्तीत आलेले काही इफेक्ट तेव्हा साध्या आकृत्या होतात, म्हणून ही प्रत वेगळ्या नावाने.

१८. माझ्याकडे फोटोशॉप नाही. पीएसडी गिंपमध्ये किंवा फोटोपीत उघडली तर लेयर मिळतील?

लेयर मिळतील, पण सगळे मूळ स्वरूपात मिळतीलच असं नाही. गिंपमध्ये मजकुराचे लेयर अनेकदा चित्र होऊन येतात. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि पीएसडीशी त्याचं बरं जमतं. फॉन्टची अडचण तिथेही आहेच (प्रश्न १२). पाहायला, एखादा फोटो काढून घ्यायला ही साधनं वापरा. तिथून मूळ पीएसडीवरच सेव्ह मात्र करू नका, नवं नाव द्या.

एक बारकावा: फोटोशॉपमध्ये सेव्ह करताना 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' विचारलं जातं. तो होकार दिला की फाईलमध्ये लेयरशिवाय एक सपाट चित्रही ठेवलं जातं. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरला पीएसडी वाचायला तेच लागतं. फाईल थोडी फुगते, तरी मी होकारच देतो.

१९. आधार कार्डाच्या स्कॅनवर काळी पट्टी टाकून पाठवलं, तरी समोरच्याने नंबर वाचला. कसा?

पट्टी वेगळ्या लेयरवर होती आणि पाठवली ती पीएसडी, किंवा एडिटिंगची खूण असलेली पीडीएफ. समोरच्याने पट्टीचा लेयर बंद केला, खाली नंबर. इथे लेयर जपणं हाच धोका. अशा वेळी नेहमी फ्लॅट जेपीजी किंवा पीएनजी पाठवा, आणि पट्टी पूर्ण अपारदर्शक हवी.

धंद्यातही हे होतं. जुन्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवरून नवी केली, जुनी नावं-फोन लपवलेल्या लेयरवर राहिले आणि तीच ओपन फाईल नव्या गिऱ्हाइकाला गेली. पाठवण्याआधी 'डिलीट हिडन लेयर्स' चालवायचं असतं. अर्थात पाठवायच्या प्रतीवर.

२०. व्हॉट्सॲपवर पीएसडी पाठवली तर लेयर जातात का?

'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर फाईल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. लेयर जातात असं वाटतं कारण लोक डिझाइनचा स्क्रीनशॉट किंवा जेपीजी 'फोटो' म्हणून पाठवतात. तेव्हा ती लहान आणि दाबलेली होऊन जाते, मग छपाई धूसर. जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ एमबीची आहे, त्यापुढे ते ड्राइव्हची लिंक करून पाठवतं.

२१. पीएनजीत लेयर राहतात असं एका जुन्या डिझायनरने सांगितलं. खरं का?

नेहमीच्या पीएनजीत नाही. तिथे पारदर्शकता राहते, लेयर एकच. सीएमवायकेही चालत नाही. पण ते डिझायनर खोटं बोलत नसावेत. ॲडोबीचं फायरवर्क्स नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याची मूळ फाईलच पीएनजी होती आणि त्यात लेयर असायचे. २०१३ मध्ये त्याचा विकास थांबला. जुन्या सीडीवर विचित्र जड पीएनजी सापडली तर ती अशी असू शकते. फोटोशॉपमध्ये उघडून लेयर दिसले नाहीत म्हणून लगेच टाकून देऊ नका.

२२. सोनेरी फॉइलचा किंवा यूव्हीचा (चमकदार लेपाचा) लेयर कसा द्यायचा?

सोनेरी रंगाने भरून तर मुळीच नाही. फॉइल ही शाई नव्हे, तिचा वेगळा डाय (ठसा) लागतो. जिथे फॉइल हवी तेवढाच भाग शंभर टक्के काळ्यात, कर्व्ह करून, मुख्य डिझाइनच्याच मापाच्या वेगळ्या पानावर द्या. मूळ फाईलमध्ये तो लेयर 'फॉइल' या नावाने सगळ्यात वर ठेवा आणि छपाईची पीडीएफ काढताना बंद करा. बंद करायला विसरलात तर काळ्यावर फॉइल बसते आणि कडेने काळं डोकावतं.

२३. डिझायनर ओपन फाईल द्यायला तयार नाही. तो अडवू शकतो का?

बोलणं काय झालं होतं त्यावर आहे. 'पाचशे पत्रिका छापून द्या' म्हणालात तर पत्रिका तुमच्या. ओपन फाईल हवी असेल तर काम देतानाच सांगा आणि त्याचे वेगळे पैसे लागतील हे गृहीत धरा. आम्ही स्वतः लोगोची ओपन फाईल देतो, पत्रिकेची देत नाही. लोगो गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं लागतो, पत्रिका सहसा एकदाच.

२४. सात-आठ वर्षांपूर्वीची पीएसडी उघडली तर 'मजकुराचे लेयर अपडेट करायचे का' असं विचारतं. हो म्हणू की नाही?

जुनी पत्रिका आहे तशीच पुन्हा छापायची असेल तर 'नाही'. साठवलेलं रूप राहतं आणि तेच छापतं. मात्र अशा लेयरची अक्षरं पीडीएफमध्ये रेषा म्हणून न जाता चित्र म्हणून जाऊ शकतात, म्हणून डीपीआय पाहून घ्या. मजकूर बदलायचाच असेल तर 'हो', पण आधी फाईलची प्रत करा आणि जुन्या रूपाची एक जेपीजी शेजारी उघडी ठेवा. अपडेट झाल्यावर ओळी सरकतात, फॉन्टची नवी आवृत्ती असेल तर एखादं नाव दुसऱ्या ओळीवर उडी मारतं. एका पत्रिकेत आमच्याकडून 'चि. सौ. कां.' वरच्या ओळीत राहिलं आणि वधूचं नाव खाली गेलं. प्रूफ तिघांनी वाचलं होतं. पकडलं वधूच्या आजीने.